मगरींची पेढी

प्राणिसंग्रहालयात एखाद्या दुर्मिळ प्राण्याला पिल्लू झाले, की त्याची बातमी सर्वदूर पोचते. पिल्लाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापले जाते, त्याचे नाव काय ठेवावे यावर लोक कौल देतात, मुलांना घेऊन आलेल्या पालकांच्या रांगा लागतात. नष्ट होऊ घातलेल्या एका वंशाला आणखी एक वारस मिळाला, हा आनंद खोटा नाही. मात्र त्या आनंदाच्या भरात एक प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो. हे पिल्लू मोठे झाल्यावर राहणार कोठे? ज्या रानातून, नदीतून किंवा माळावरून त्याचे पूर्वज नाहीसे झाले, तेथे त्याला परत जाता येणार नसेल, तर वंश वाचला असे म्हणायचे, की त्याचा केवळ नमुना जपला असे म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी चीनमधील पांडा आणि तमिळनाडूतील मगर या दोन प्राण्यांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पांडाची पैदास हे मानवी चिकाटीचे एक विलक्षण उदाहरण आहे. हा प्राणी जवळजवळ केवळ बांबूवर जगतो. मादीचा गर्भधारणेचा काळ वर्षातून एकदाच येतो आणि तो जेमतेम एक ते तीन दिवसांचा असतो. जन्मलेल्या पिल्लाचे वजन सुमारे शंभर ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान पेरूएवढे असते. जुळी पिल्ले झाली तर आई सहसा एकाचीच काळजी घेते आणि दुसरे दगावते. पिंजऱ्यातील पहिले पिल्लू १९६३ साली बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मले. कृत्रिम रेतनाचा पहिला यशस्वी प्रयोग १९७८ साली झाला. पुढे जुळ्यांपैकी एकेक पिल्लू आळीपाळीने आईजवळ ठेवण्याची युक्ती सापडली. आईला फसवून दोन्ही लेकरे जगवण्याची ही रीत! १९८७ साली सहा पांडांवर सुरू झालेल्या चेंगडू येथील केंद्राने आणि वोलोंगच्या केंद्राने या कामात मोठा वाटा उचलला. आज जगभर माणसाच्या ताब्यात असलेल्या पांडांची संख्या सातशेहून अधिक आहे.

असे असले तरी, २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने पांडाला ‘संकटग्रस्त’ या वर्गातून एक पायरी खाली, म्हणजे ‘असुरक्षित’ या वर्गात आणले, ते पिंजऱ्यातील पांडांच्या संख्येमुळे नव्हे. रानातील पांडा वाढले होते, हे त्याचे कारण. तेव्हाच्या ताज्या गणनेत ही संख्या १,८६४ भरली होती. १९९८ पासून चीनने नैसर्गिक जंगलांतील वृक्षतोडीला आळा घातला, साठाहून अधिक राखीव क्षेत्रे उभारली, बांबूची बने एकमेकांना जोडण्याचे प्रयत्न केले. पिंजऱ्यात वाढवून रानात सोडलेले पांडा मात्र अजून दहा-बाराच्या पुढे गेलेले नाहीत. २००६ साली सोडलेला पहिला नर वर्षभरातच मरण पावला. पाळणाघरातील यशाचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात प्राण्याला आधार मिळाला तो बांबूच्या बनांचा.

पांडाची पैदास अवघड होती. जेथे पैदास मुळीच अवघड नसते, तेथे काय घडते, हे पाहण्यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. चेन्नईच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते शतकानुशतके ओळखले गेले; १९९० नंतरच्या काळात मोटारी आणि विजेची उपकरणे तयार करणाऱ्या कारखान्यांमुळे त्याचे रूप पालटले. हा सारा मुलूख तलावांचा. पावसाचे पाणी अडवून ठेवणाऱ्या या तलावांना तमिळ भाषेत ‘एरी’ म्हणतात. चेन्नईला पाणी पुरवणारा चेंबरंबाक्कमचा विस्तीर्ण तलाव येथून जवळच आहे आणि अड्यार नदीचा उगमही श्रीपेरुंबुदूर तालुक्यातील तलावांतूनच होतो. या परिसरापासून पूर्वेला वंडलूरचे अरिञर अण्णा प्राणी उद्यान लागते. १८५५ साली मद्रास शहरात सुरू झालेले हे प्राणिसंग्रहालय १९८५ साली येथील सहाशे हेक्टरांच्या प्रशस्त जागेत आले. पश्चिम घाटातील सिंहपुच्छ वानराच्या पैदाशीसाठी ते प्रसिद्ध आहे. आणखी पूर्वेला, समुद्रकिनाऱ्याने महाबलीपुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वडनेम्मेली या गावी ‘मद्रास क्रोकोडाइल बँक’ आहे. मराठीत तिला मगरींची पेढी म्हणता येईल.

मगर हा काही कोणाला लळा लावणारा प्राणी नव्हे. पांडाचे गोल डोळे आणि काळे-पांढरे अंग पाहून माणूस विरघळतो. मगरीच्या वाट्याला भारतीय परंपरेत भीती आणि संशयच आला. गजेंद्राचा पाय धरून ठेवणारी ती मगर, पंचतंत्रातील माकडाच्या काळजावर डोळा ठेवणारी ती मगर. खोटे रडणे म्हणजे नक्राश्रू आणि जिवाच्या भीतीने केलेली खुशामत म्हणजे ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’. अशा प्राण्याच्या बचावासाठी कोणी पुढे येणे कठीणच होते. त्याच्या कातड्याला मात्र मोठी किंमत होती. पिशव्या, पट्टे आणि पादत्राणे यांसाठी मगरींची बेसुमार शिकार झाली. धरणे आणि कोळ्यांची जाळी यांनी उरलेली कसर भरून काढली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, तोवर अनेक नद्यांतून मगर दिसेनाशी झाली होती. उत्तर भारतात जिला घडियाल म्हणतात त्या लांब, निमुळत्या तोंडाच्या सुसरीची अवस्था तर आणखी बिकट होती. १९७४ च्या सुमारास देशभरात तिची संख्या दोनशेच्याही खाली गेली होती.

या पार्श्वभूमीवर १९७५ साली भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला आणि १९७६ साली सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी सहकाऱ्यांसह ही पेढी स्थापन केली. ‘बँक’ हे नाव अर्थपूर्ण आहे. देशातील तीनही जातींच्या मगरी, म्हणजे गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि सुसर, येथे ठेव म्हणून सांभाळायच्या. त्यांची संख्या व्याजासारखी वाढू द्यायची आणि जेथे नद्या-तलाव रिकामे झाले असतील तेथे ती ठेव परत करायची, अशी ही कल्पना होती. पिढ्यान्पिढ्या साप पकडण्यात तरबेज असलेल्या इरुळा समाजातील लोकांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्थाही याच आवारात सर्पविष काढण्याचे काम करीत आली आहे. ज्यांना रानाची खरी ओळख आहे त्यांना सन्मानाचे काम मिळावे, हा विचार या परिसरात आरंभापासून रुजला, ही गोष्ट लहान नाही.

गोड्या पाण्यातील मगरीने या पेढीला भरभरून व्याज दिले. मादी वाळूत खड्डा करून एका खेपेस पंचवीस-तीस अंडी घालते. अंड्यांतून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. नैसर्गिक अवस्थेत या अंड्यांतील बहुतेक घोरपडी, कोल्हे आणि पूर यांच्या तोंडी जातात. पेढीत ती सुरक्षित राहिली. शिवाय पुरेसे अन्न आणि ऊब मिळाली तर मादी वर्षातून दोनदा अंडी घालते, असेही येथे दिसून आले. काही वर्षांतच पिल्लांची संख्या हजारोंनी वाढली. येथील मगरी आणि अंडी निरनिराळ्या राज्यांना देण्यात आली. अनेक अभयारण्यांत व प्राणिसंग्रहालयांत या पेढीचे वंशज पोचले. पांडाचे एक पिल्लू जगवण्यासाठी शास्त्रज्ञ रात्रीचा दिवस करीत असताना, वडनेम्मेलीत मगरींचा सुकाळ झाला होता.

आणि येथेच या हकिकतीला अनपेक्षित वळण मिळाले. ठेव वाढत राहिली. पण ती परत घेण्यासाठी कोणी येईना. मगरी सोडायच्या तरी कोठे? नद्यांवर धरणे झाली होती, तलावांच्या काठी वस्ती आली होती, जेथे पाणी होते तेथे माणसांची वर्दळ होती. मगरीला शेजारी म्हणून स्वीकारायला फारसे कोणी तयार नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यास या मगरी निसर्गात सोडण्याचे काम थांबले. ज्या संस्थेचा जन्म मगरी वाढवण्यासाठी झाला, तिच्यावर मगरी वाढू नयेत म्हणून उपाय करण्याची वेळ आली. मादीने घातलेली अंडी शोधून बाजूला काढायची, नर-माद्या वेगळे ठेवायचे, असा क्रम सुरू झाला. शेवटी येथील सुमारे एक हजार मगरी गुजरातमधील जामनगरच्या प्राणिसंग्रहालयाकडे पाठवण्याचे ठरले. त्याविरुद्धची याचिका २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळली. तमिळनाडूच्या भूमीवर जन्मलेल्या मगरींना एका तळ्यातून उचलून दुसऱ्या तळ्यात नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

यावरून पेढीचे काम वाया गेले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मगरीविषयीचे कितीतरी ज्ञान या संस्थेमुळे मिळाले. गेल्या पन्नास वर्षांत लाखो लोकांनी येथे मगर जवळून पाहिली आणि तिच्याविषयीची आंधळी भीती काही अंशी ओसरली. दोष असेल तर तो, पैदास झाली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्या वृत्तीचा आहे. पिल्ले वाढवणे हे संवर्धनाचे अर्धे काम. त्यांच्यासाठी जागा राखणे हे उरलेले अर्धे. पहिले अर्धे कुंपणाच्या आत होते, तज्ज्ञांच्या हातून होते आणि त्याची छायाचित्रे निघतात. दुसरे अर्धे कुंपणाबाहेर, गावोगावच्या लोकांच्या संमतीनेच होऊ शकते. म्हणून ते मागे पडते.

सुसरीच्या उदाहरणाने ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. सुसरीच्या पैदाशीसाठी ओडिशातील नंदनकाननला नर हवा होता, तेव्हा तो थेट जर्मनीतील फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणावा लागला आणि १९८० साली तेथे पिल्ले जन्मली. नदीकाठची अंडी गोळा करून, पिल्ले मोठी करून ती हजारोंच्या संख्येने चंबळ, महानदी आणि इतर नद्यांत सोडण्यात आली. एवढे करूनही २००७ साली सुसरीची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ प्राण्यांत करावी लागली. अंडी घालायला लागणारे वाळूचे किनारे उपसले जात होते, जाळ्यांत अडकून सुसरी गुदमरत होत्या, धरणांनी प्रवाह तोडले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी चंबळ नदीत शंभराहून अधिक सुसरी मेल्या. मेलेल्या प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली आणि पाण्यातील विषाकडे संशयाचे बोट वळले. महानदीत सोडलेल्यांपैकी फारच थोड्या जगल्या. तेथील सातकोसियाच्या घळीत सुसरींची पिल्ले पुन्हा नैसर्गिक रीतीने जन्मली, ती २०२१ साली, म्हणजे चार दशकांहून अधिक काळानंतर. नदी आजारी असेल तर तीत कितीही सुसरी ओतल्या तरी त्या टिकत नाहीत.

पैदाशीवर होणारा खर्च सरळ रानावर करावा, पिंजरे हवेत कशाला, असेही एक मत मांडले जाते. हे मत दुसऱ्या टोकाचे आहे. गिधाडांचे उदाहरण त्याला उत्तर देते. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे इतक्या झपाट्याने मेली, की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही उरले नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होता. हे कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोपर्यंत रानात एखादे तरी गिधाड उरेल की नाही, याची खात्री नव्हती. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २००१ पासून चालवलेल्या केंद्रात त्यांचा वंश जपला गेला आणि २०२४ साली तेथील गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा व पेंचच्या जंगलांत आणून सोडण्यात आली. त्यांपैकी काही दगावलीही. मात्र येथे पैदास आणि कारणाचा शोध या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. २०२३ साली आणखी दोन घातक औषधांवर बंदी आली. पिंजरा हे येथे घर नसून धर्मशाळा आहे. संकट टळेपर्यंतचा मुक्काम आहे.

माळढोकाच्या बाबतीत महाराष्ट्राला हा धडा फार उशिरा मिळाला. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. तरीही आज तेथे माळढोक दिसणे हा अपूर्व योग झाला आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून रानातील अंडी आणून पिल्ले वाढवली जात आहेत, २०२४ साली कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मले आणि केंद्रातील पक्ष्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली. उद्या हे पक्षी सोडण्याजोगे झाले, तर ते उतरणार कोणत्या माळावर? माळरान म्हणजे पडीक जमीन, ही समजूत जोवर सरकारी दप्तरांत आणि लोकांच्या मनांत कायम आहे आणि विजेच्या तारा या जड अंगाच्या पक्ष्याचा बळी घेत आहेत, तोवर या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळणार नाही.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र माणसांचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात वंडलूरजवळच्या नेडुंगुंड्रम भागात भर रस्त्यावरून जाणारी मगर लोकांनी पाहिली. तिचे चित्रण क्षणात सर्वत्र पसरले आणि घबराट उडाली. ही मगर कोठून पळालेली नव्हती. चेन्नईच्या आसपासच्या काही तलावांत मगरी राहतात, त्या बुजऱ्या असतात आणि माणसाला टाळतात, असा खुलासा वनखात्याच्या अधिकाऱ्यांना करावा लागला. महाराष्ट्रात चिपळूणच्या रस्त्यावर २०२४ च्या पावसाळ्यात असेच दृश्य दिसले. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठी भिलवडी-औदुंबर परिसरातील लोकांना तर मगर अनोळखी नाही. तेथे धुणे धुणाऱ्या बाया, मोटार चालू करायला पाण्याजवळ जाणारा शेतकरी, गुरे पाण्यावर नेणारा मुलगा, या सर्वांना मगरीचा अंदाज घेऊनच पाऊल टाकावे लागते. माणसांवर हल्ले झाले आहेत आणि जीवही गेले आहेत.

मगर वाचली पाहिजे असे शहरातील माणूस तिकीट काढून, कुंपणाच्या सुरक्षित बाजूला उभा राहून म्हणतो, तेव्हा त्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही. ती नदीकाठच्या गरिबाला मोजावी लागते. हा अन्याय दूर केल्याखेरीज कोणताही प्राणी कायमचा वाचणार नाही. पाण्याजवळ न जाता कपडे धुता येतील असे घाट, गुरांसाठी काठापासून दूर हौद, मगरींच्या वावराच्या जागी स्पष्ट सूचनाफलक, अंडी घालण्याच्या दिवसांत विशेष सावधगिरी आणि हल्ला झाल्यास विनाविलंब भरपाई, या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. महाराष्ट्रात मगरीच्या हल्ल्यासाठी भरपाईची तरतूद आहे. ती वेळेवर हाती पडणे हेही संवर्धनाचेच काम मानले पाहिजे.

नदी-तलावांचे रक्षण हे केवळ मगरीवरचे उपकार नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. श्रीपेरुंबुदूरच्या परिसरातील तलाव बुजले, त्यांना जोडणारे ओढे बांधकामांखाली गेले, तर त्याचे परिणाम माणसालाही भोगावे लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने चेन्नईचे हजारो संसार उघड्यावर आणले. २०१९ च्या उन्हाळ्यात चेंबरंबाक्कमसह शहराचे तलाव कोरडे पडले आणि लोकांना पाण्यासाठी टँकरपुढे रांगा लावाव्या लागल्या. ज्या तलावात मगर राहू शकते, त्या तलावात पाणी असते, मासे असतात, काठाला झाडी असते. असा तलाव पूर झेलतो आणि दुष्काळात उपयोगी पडतो. मगरीचे घर आणि माणसाच्या पाण्याचा साठा या एकाच जागेच्या दोन बाजू आहेत.

म्हणून दुर्मिळ प्राण्यांच्या पैदाशीचे यश मोजण्याची पट्टी बदलली पाहिजे. यंदा किती पिल्ले जन्मली, एवढ्यावर न थांबता त्यांतील किती निसर्गात परतली, तेथे किती जगली आणि पुढे त्यांनी स्वतःची पिल्ले वाढवली की नाही, हे विचारले गेले पाहिजे. प्रत्येक पैदास केंद्र उभारतानाच, कोणत्या नदीसाठी, कोणत्या रानासाठी, कोणत्या माळासाठी हे प्राणी वाढवले जात आहेत, हे ठरलेले असावे आणि तेथील लोकांशी बोलणे आधी व्हावे. पांडाला बांबूचे बन मिळाले म्हणून तो सावरला. वडनेम्मेलीच्या पेढीत ठेव भरपूर जमली. तिचा वारसा घेण्याइतके मोठे मन आणि तेवढे मोकळे पाणी समाजाला राखता आले नाही. पैदास केंद्रात वंशाची केवळ राखण होते. तो पुढे चालतो, तेव्हा त्याच्या वाट्याचे पाणी आणि जमीन माणसाने सोडलेली असते.